ल्युसिल बॉलला तिचा कॅमेरा सापडायला अठरा वर्षं का लागली

प्रश्न थोडक्यात असा होता: ल्युसिल बॉल १९३३ साली हॉलिवुडमध्ये आली. पुढची अठरा वर्षं सिनेमांत राबली. उंच होती, देखणी होती, कामाला वाघ होती, तरी पहिल्या फळीची नायिका काही झाली नाही. मग १९५१मध्ये, चाळिशीत, ‘आय लव्ह ल्युसी’ या विनोदी मालिकेतून टीव्हीवर आली आणि वर्षभरात अमेरिकेतली सगळ्यात लाडकी बाई झाली. हे नशीब, नवऱ्याची हुशारी, की सिनेमावाल्यांचं आंधळेपण?

मी नट नाही आणि समीक्षकही नाही. पंचवीसेक वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर मल्टिकॅमच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांच्या, पॅनलवर बसतोय. ‘दोनवर जातोय, तीन तयार राहा’ असं हेडफोनमध्ये ओरडणं हा माझा धंदा. त्यामुळे माझं उत्तर त्याच खुर्चीतून येणार. माझ्या मते तिच्या अंगात जे होतं ते टिपायची सोयच तेव्हाच्या सिनेमाच्या सेटवर नव्हती. ती सोय टीव्हीने तिच्यासाठी उभी केली, आणि गंमत म्हणजे कलेचा विचार करून नव्हे. नवरा-बायकोला एका घरात राहायचं होतं म्हणून.

घराची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ल्युसिलचा जन्म ६ ऑगस्ट १९११चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावातला. वडील टेलिफोनच्या तारा ओढणारे लाइनमन. १९१५मध्ये विषमज्वराने गेले तेव्हा ही साडेतीन वर्षांची आणि आई पुन्हा गरोदर. वाढली ती शेजारच्या सेलोरॉनमध्ये, आजी-आजोबांच्या घरी. आजोबा फ्रेड हंट हौशी माणूस, नातवंडांना रंगमंचावरचे विनोदी खेळ दाखवायला नेणारा. १९२७मध्ये त्यांच्याच अंगणात मुलांना बंदुकीने नेम धरायला शिकवताना गोळी सुटली आणि शेजारचा एक मुलगा जायबंदी झाला. खटला चालला, आणि त्यात राहतं घर गेलं. त्या आधीच, पंधराव्या वर्षी, तिला न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत घातलं होतं. पुढे मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस तिथली हुकमी विद्यार्थिनी. हिच्या आईला मात्र शाळेने कळवलं की मुलगी फार बुजरी आहे, पैसे वाया घालवू नका. पुढे मॉडेलिंग, मग दोनेक वर्षांचं आजारपण, मग पुन्हा मॉडेलिंग, सिगारेटच्या जाहिराती. १९३३मध्ये एका विनोदी संगीतपटात घोळक्यातल्या मुली हव्या होत्या, त्या निमित्ताने ती कॅलिफोर्नियात आली ती कायमची.

आता सिनेमाच्या सेटवर विनोदाचं काय होतं ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. एक कॅमेरा असतो. आधी सगळ्यांचा मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग एका चौकटीत, घ्यायचा. मग दिवे हलवायचे, तासभर थांबायचं, तोच प्रसंग पुन्हा करायचा, या वेळी तुमच्या क्लोजसाठी, म्हणजे जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यासाठी. मग समोरच्याच्या क्लोजसाठी तिसऱ्यांदा. दर वेळी हात त्याच शब्दावर, कप त्याच उंचीवर. आणि सेटवर कोणी हसायचं नाही, ध्वनिमुद्रण चालू असतं. म्हणजे विनोदी नटाला ज्याच्यावर स्वार व्हायचं ती लाटच नाही. संवादावर चालणारा विनोद यातून निभावतो. अंगाने होणारा विनोद, म्हणजे एक चूक, ती लपवताना दुसरी, दुसरी सावरताना तिसरी, हा तुकडे केले की मरतो.

मी स्वतः हे पाप केलं आहे. एका मालिकेत एक मुरलेले रंगभूमीवरचे नट होते, गरम पातेलं कुठे ठेवावं हे न सुचून ते अख्ख्या स्वयंपाकघरभर फिरतात असा प्रसंग. तालमीत युनिट हसून लोळलं. मी मात्र हौसेने पातेल्याचा क्लोज, बोटांचा क्लोज, सुनेची रिअॅक्शन असं सगळं कापलं. एडिटला बसलो तर कोणाच्या तोंडाची सुरकुती हलेना. शेवटी सगळे कट काढले, मास्टर होता तसा ठेवला, तेव्हा प्रसंग जिवंत झाला.

कोणी म्हणेल, मग मूकपटांतले चॅप्लिन आणि कीटन कसे जमवून गेले? ते स्वतःच्या सिनेमाचे मालक होते, कॅमेरा कुठे ठेवायचा आणि किती वेळ चालू ठेवायचा हे तेच ठरवत. ल्युसिल पगारी होती. आरकेओ स्टुडिओत १९३७चा ‘स्टेज डोअर’ मिळाला, त्यात कॅथरीन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्सच्या सावलीत तिचे चार टोमणे चमकतात. १९३८मध्ये विनोदवीर मार्क्स बंधूंबरोबर काम मिळालं, तिथे सगळा धुडगूस त्यांचा, ही बाजूला उभी. १९४२च्या ‘द बिग स्ट्रीट’मध्ये हेन्री फोंडासमोर कडवट, अपंग गायिका तिने खरोखर चांगली केली, पण ती भूमिका गंभीर. मग एमजीएम स्टुडिओने तिला रंगीत सिनेमासाठी ते प्रसिद्ध लाल केस दिले. दुय्यम सिनेमांची राणी असं तिला म्हणू लागले, आणि त्यात कौतुकापेक्षा कीव जास्त होती. एमजीएममध्येच बस्टर कीटन तेव्हा पगारावर विनोदाच्या जागा सुचवायचं काम करत होता. मोठा माणूस, पडते दिवस. त्याने हिच्यातलं पाणी ओळखलं. निर्जीव वस्तूशी भांडण कसं करायचं, टोपी किंवा खुर्ची हा दुसरा नट कसा मानायचा, हे तिने त्याच्याकडून उचललं. शिकली, पण दाखवणार कुठे?

पहिली फट पडली ती रेडिओवर, हे मला फार गमतीचं वाटतं. जिथे अंग दिसतच नाही तिथे तिचं अंग मोकळं झालं. १९४८मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ सुरू झालं, स्टुडिओत प्रेक्षक बसवून. लेखन-निर्मितीची सूत्रं हाती आलेल्या जेस ओपनहायमरने पाहिलं की बाई हातातल्या कागदात डोकं घालून वाचते. त्याने तिला विनोदवीर जॅक बेनीच्या रेडिओ कार्यक्रमाची तिकिटं दिली, जा आणि नुसतं बघ म्हणून. बेनी श्रोत्यांसाठी बोलता बोलता समोरच्या प्रेक्षकांसाठी चेहऱ्याने खेळत असे. ती परत आली आणि माइकसमोर तोंडं वेडावू लागली. प्रेक्षक हसू लागले, आणि ते हसू घराघरांतल्या रेडिओतून ऐकू येऊ लागलं. पंधरा वर्षांत न मिळालेली लाट मिळाली होती.

सीबीएसने विचारलं, हेच टीव्हीवर आणूया का. तिने अट घातली: पडद्यावरचा नवरा माझा खराच नवरा असेल.

नाव देसी, माणूस क्यूबाचा. देसी आर्नाझ, सांतियागो दे क्यूबात जन्मलेला, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बँडवाला. १९४० साली एका सिनेमाच्या सेटवर भेटले आणि त्याच नोव्हेंबरात लग्न. पुढची दहा वर्षं हा बँड घेऊन गावोगाव, ही स्टुडिओत. तो रात्रीच्या कामावरून परतायचा तेव्हा ही पहाटे कामाला निघालेली. १९४४मध्ये तिने घटस्फोटाचा अर्जही केला होता, पण पुन्हा जुळलं. एकत्र काम केलं तरच एकत्र राहू, इतकं साधं गणित होतं. सीबीएसवाले म्हणाले, अमेरिकन बाईचा नवरा असल्या उच्चारांचा, लोक मानणार नाहीत. तेव्हा १९५०मध्ये दोघांनी रंगमंचावर खेळ करत दौरा काढला. लोकांनी मानलं. पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, झाला १९५१च्या मार्चमध्ये, तेव्हा ती गरोदर. जुलैत मुलगी झाली आणि ऑक्टोबरात मालिका.

मधल्या काळात खरी लढाई झाली ती जागेवरून. तेव्हाचा टीव्ही मुख्यतः न्यूयॉर्कमधून थेट जात असे, कारण बहुतेक प्रेक्षक पूर्वेकडे. लॉस एंजेलिसमधून थेट केलं तर पूर्वेला काय दिसणार? टीव्हीच्या पडद्यावर कॅमेरा रोखून काढलेली फिल्म. ती किती अंधूक दिसते ते जुने नमुने पाहिलेल्यांना सांगायला नको. प्रायोजक सिगारेट कंपनी, फिलिप मॉरिस. आपली जाहिरात अशा धुक्यात दिसावी हे तिला मंजूर नव्हतं: न्यूयॉर्कला या म्हणाले. हे दोघं म्हणाले, घर सोडणार नाही. तोडगा निघाला की ३५ मिलिमीटरच्या सिनेमाच्या फिल्मवर चित्रीकरण करू, म्हणजे प्रिंट कुठेही पाठवली तरी स्वच्छ. खर्च वाढत होता. देसीने आपल्या दोघांचा पगार कमी करून घेतला आणि बदल्यात मागितली भागांची मालकी. एकदा दाखवलेला भाग म्हणजे तेव्हा कालचं वर्तमानपत्र. चॅनेलने देऊन टाकली.

पण ल्युसिलला प्रेक्षक हवेच होते, आणि सिनेमाच्या पद्धतीने काढलं तर प्रेक्षकांना तासन्‌तास ताटकळत ठेवावं लागणार. म्हणून तीन कॅमेरे एकदम चालवायचे आणि नाटकासारखं सलग करायचं. फिल्मवर अनेक कॅमेरे लावायचे प्रयोग काही कार्यक्रमांत आधीही झाले होते, तेव्हा ‘यांनीच शोध लावला’ हे वाक्य मी लिहिणार नाही. पण तीनशे प्रेक्षक, पूर्ण सेट आणि तीन सिनेकॅमेरे हे सगळं दर आठवड्याला बसवून दाखवलं ते यांनी.

ते बसवलं कार्ल फ्रॉइंडने, आणि त्याच्याबद्दल जरा सैल हाताने लिहिणार आहे. हा माणूस बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’चा छायाचित्रकार होता, हॉलिवुडमध्ये ‘ड्रॅक्युला’चा. ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवलेला. सावल्यांचा बादशहा. आणि त्याच्याकडे मागणी काय, तर सावली नको! विचार करा: एका कॅमेऱ्यासाठी लावलेला दिवा दुसऱ्या कॅमेऱ्याला आडवा येतो. एका कोनातून सुंदर दिसणारा चेहरा दुसरीकडून अर्धा काळा. आणि मध्ये थांबून दिवे हलवायला वेळ नाही. फ्रॉइंडने जवळजवळ सगळे दिवे वर टांगले, जमीन मोकळी केली, सेटभर सपाट आणि सारखा उजेड पाडला. सेटला रंगही करड्याच्याच वेगवेगळ्या छटांचे दिले, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा तोल रंगातच सांभाळला जाईल. कॅमेरे चाकांवर, गुळगुळीत जमिनीवर आवाज न करता फिरणारे. मधला सगळं दृश्य धरणारा, बाजूचे दोन जवळचे शॉट घेणारे. तिन्ही फिल्म आणि आवाज एकाच वेळी बघता यावेत म्हणून संकलक डॅन कॅनसमोर जे यंत्र आलं त्याला युनिट तीन तोंडांचा राक्षस म्हणे. आज मी पॅनलवर जे तीन मॉनिटर बघतो त्यांचा तो खापरपणजोबा.

‘सपाट लाइटिंग’ ही आमच्याकडे शिवी आहे. छायाचित्रकार तोंड वाकडं करतात. पण त्या सपाट उजेडात ल्युसिल कुठेही जाऊ शकत होती. सोफ्याच्या मागे, ओट्यावर, जमिनीवर. खूण केलेल्या जागी उभं राहायची सक्ती जवळपास संपली होती. जिथे जाईल तिथे उजेड, जे करेल ते कोणत्या तरी कॅमेऱ्यात, आणि समोर तीनशे माणसं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेरा तिच्यामागे धावत होता.

१५ ऑक्टोबर १९५१ला ‘आय लव्ह ल्युसी’चा पहिला भाग गेला. सोमवार, रात्री नऊ. १९५७पर्यंत १८० भाग झाले.

लोक समजतात ती उत्स्फूर्त होती. अजिबात नाही. चार दिवस तालीम आणि मग एका संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण, असा आठवडा असे, आणि तालमीत ती छळवादी म्हणावी इतकी काटेकोर. हातात येणारी प्रत्येक वस्तू आधी हाताळून पाहायची, वजन किती, आवाज कसा, निसटते कुठून. लेखिका मॅडलिन प्यू तर धाडसाच्या जागा आधी स्वतः करून बघे, बाईमाणसाला जमतंय का म्हणून. संहितेत तिच्या चेहऱ्यांना सांकेतिक नावं होती. ‘कोळी’ लिहिलं की वरचा ओठ उचलून तो प्रसिद्ध ‘ईईऊ’ आवाज. ‘दिवा’ म्हणजे डोक्यात खूळ शिरलं. डोळे भरून येऊन भोकाड पसरण्यालाही एक शब्द होता. लेखक एक शब्द टाकून मोकळे, बाकीचं ती बघून घेई. संगीताची स्वरलिपी असते तसंच हे.

मे १९५२मधला टॉनिकच्या जाहिरातीचा भाग घ्या. टॉनिकमध्ये दारू आहे हे तिला माहीत नाही, तालीम करता करता चमचे पोटात जातात आणि तोच मजकूर दर वेळी थोडा अधिक घसरतो. दारुड्याची नक्कल कोणीही करेल. तिचं कौशल्य पायऱ्यांमध्ये आहे. पहिल्या खेपेला फक्त तोंड कडू होतं. मग चेहऱ्यावर थोडी ऊब. मग एकच शब्द सांडतो आणि तो तिला कळतो. मग दोन सांडतात आणि कळत नाहीत. ही चढण सलग केल्याशिवाय जमत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लेन्सवर घेतली असती तर नशा कुठवर चढली होती हे कंटिन्युटीच्या वहीत लिहून ठेवावं लागलं असतं.

तिच्या समोर शेजारीण-मैत्रिणीचं काम करणाऱ्या विवियन व्हान्सचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल. विनोदात पडणाऱ्याइतकंच बघणाऱ्याचं काम असतं, आणि व्हान्स ही बघणारी अव्वल. विल्यम फ्रॉली आणि ती पडद्यावर नवरा-बायको, प्रत्यक्षात एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नाही. आमच्याकडेही अशा जोड्या आहेत, नावं घेत नाही.

१९५२मध्ये ती पुन्हा गरोदर राहिली आणि मालिकेतली ल्युसीही गरोदर दाखवायची ठरली. ‘गरोदर’ हा शब्द चॅनेलला चालत नव्हता. आडवळणाने म्हणायचं, आणि संहिता एका कॅथलिक धर्मगुरूने, एका प्रॉटेस्टंट पाद्र्याने आणि एका राब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, नजरेखालून घालायची. १९ जानेवारी १९५३ला सकाळी तिला सिझेरियनने मुलगा झाला आणि त्याच रात्री, आधीच चित्रित झालेल्या भागात, ल्युसीलाही. अंदाजे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवरचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला साधारण २ कोटी ९० लाख. बाळंतपणाच्या काळात भाग कमी पडतील म्हणून जुने पुन्हा दाखवले, तेही लोकांनी आवडीने पाहिले. कालच्या वर्तमानपत्राला किंमत आली ती अशी.

त्याच वर्षी सप्टेंबरात जुनं प्रकरण उकरलं गेलं. १९३६मध्ये तिने मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या नावे नोंदणी केली होती. तिचं म्हणणं, समाजवादी आजोबांचं मन राखायला. मॅकार्थीचा, कम्युनिस्ट हुडकून काढण्याचा जमाना, भल्याभल्यांची करिअरं एका नोंदीवर बुडत होती. चित्रीकरणाच्या संध्याकाळी देसीने प्रेक्षकांसमोर येऊन सांगितलं की हिच्यात लाल फक्त केस आहेत, आणि तेही खरे नाहीत. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. ती वाचली. तिच्याइतकी मालिका ज्यांच्या पाठीशी नव्हती ते अनेक जण वाचले नाहीत, हे मी या किश्श्याबरोबर नेहमी सांगतो.

‘नवऱ्याची हुशारी’ म्हणाल तर होतीच, आणि ती मुख्यतः इथून पुढे दिसते. दोघांची कंपनी डेसिलू. मालिकेचे हक्क चॅनेलला सुमारे पन्नास लाख डॉलरच्या घरात विकले आणि साठ लाखांच्या आसपास देऊन १९५७च्या अखेरीला आरकेओ स्टुडिओच विकत घेतला. म्हणजे जिथे ही आठवड्याच्या पगारावर सांगेल तिथे उभी राहत होती, त्याच इमारतींची मालकीण. पण ज्यासाठी हा खटाटोप केला तो संसार टिकला नाही. देसीची दारू, बाहेरख्याली, आणि कंपनीचा प्रचंड व्याप. शेवटचा एकत्र कार्यक्रम संपवून १९६०च्या मार्चमध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज दिला.

१९६२मध्ये देसीचा हिस्सा तिने विकत घेतला आणि एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी ती अमेरिकेतली पहिली बाई ठरली. तिला हे काम आवडत नसे. ताळेबंदात रमणारा देसी, ही नव्हे. तरी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेचा पहिला पायलट नाकारला गेला, खर्च पाहून कंपनीतली मंडळी हात आखडत होती, तेव्हा ती त्या प्रकल्पामागे उभी राहिली. ‘मिशन: इम्पॉसिबल’ही तिच्याच स्टुडिओतून आलं, दोन्ही १९६६मध्ये. पुढच्या वर्षी तिने कंपनी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना विकून टाकली.

अभिनय चालूच होता. दुसरी मालिका १९६२ ते ६८, तिसरी १९६८ ते ७४, अभिनयासाठी चार एमी, म्हणजे टीव्हीचे मोठे पुरस्कार. पण माझ्या कामाच्या दृष्टीने शिकण्यासारखं अपयश आहे ते १९८६चं. पंचाहत्तरीत तिला पुन्हा तसल्याच मालिकेत उभं केलं, तीन कॅमेरे, प्रेक्षक, सगळं तसंच. ती शिडीवर चढते, लोंबकळते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. टायमिंग शाबूत होतं, पण आजीबाई पडतील की काय या धास्तीत हसू कसं येणार? आठ भाग दाखवून मालिका बंद झाली. त्याच वर्षी २ डिसेंबरला देसी गेला. पाच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये केनेडी सेंटरचा सन्मान स्वीकारताना, त्याने मरण्यापूर्वी तिच्यासाठी लिहिलेले शब्द मंचावरून वाचले गेले: ‘आय लव्ह ल्युसी’ हे कधीच नुसतं शीर्षक नव्हतं. तिचा चेहरा त्या चित्रफितीत पाहा. त्या चेहऱ्याला संहितेत कोणतंही सांकेतिक नाव नव्हतं. २६ एप्रिल १९८९ला, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेनंतर, लॉस एंजेलिसमध्ये ती गेली. तिच्या अस्थी पुढे जेम्सटाउनला नेण्यात आल्या.

एकच भाग बघायला वेळ असेल तर सप्टेंबर १९५२मधला चॉकलेट कारखान्याचा बघा. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत, ल्युसिल आणि व्हान्स ती कागदात गुंडाळतायत, पट्टा वेग घेतो, मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये. पहिल्यांदा हसून घ्या. दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि फक्त कट मोजा. कॅमेरा बराच वेळ दोघींना एकाच चौकटीत धरून गप्प बसलेला दिसेल.